ज्योत सौम्य असते, हट्ट नसतो

परीक्षा जवळ आल्या की एकाग्रता वाढवण्याच्या उपायांना बहर येतो. त्यात अलीकडे एक जुना शब्द नव्याने रूढ झाला आहे, तो म्हणजे त्राटक. काळोख्या खोलीत मेणबत्ती किंवा निरंजन लावायचे, ज्योतीकडे पापणी न लवता पाहत राहायचे आणि डोळ्यांतून पाणी आले की डोळे मिटून घ्यायचे, एवढीच ही क्रिया. साधन स्वस्त, जागा पाटाएवढी, वेळ दहा-पंधरा मिनिटांचा. त्यामुळे मोबाइलवर एखादी चित्रफीत पाहून त्याच रात्री सुरुवात करणारे पुष्कळ आहेत. त्यांत दहावी-बारावीची मुले आहेत, झोप न लागणारे नोकरदार आहेत, निवृत्तीनंतर योगवर्गाला जाऊ लागलेले ज्येष्ठ आहेत आणि मुलाच्या चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढतो म्हणून हवालदिल झालेले आईवडीलही आहेत.

त्राटक करू नये असे सांगण्याचा येथे हेतू नाही. मन एका जागी थांबवण्याचा तो एक चांगला, साधा सराव आहे आणि नीट केला तर निरोगी माणसाला त्यापासून इजा होण्याचे कारण नाही. ज्योतही स्वतः फार धोक्याची नाही. धोका आहे तो डोळा जे सांगत असतो त्याचा उलटा अर्थ लावण्यात. जळजळ होते म्हणजे शुद्धी होते आहे, ज्योतीभोवती रंगीत कडी दिसते म्हणजे तेज दिसू लागले, डोळ्यांपुढे प्रकाश चमकला म्हणजे अनुभूती आली आणि अक्षरे जरा स्पष्ट भासली म्हणजे चष्मा सुटला, असे चार समज त्राटकाभोवती घट्ट बसले आहेत. चारही चुकीचे आहेत आणि त्यांतले निदान दोन तर दृष्टी घालवू शकतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ज्योतीकडे कसे पाहावे हे शिकण्याआधी आपल्या डोळ्याचे म्हणणे कसे ऐकावे हे शिकायला हवे.

ग्रंथांत काय आहे

साधारण पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत सहा शुद्धिक्रिया सांगितल्या आहेत: धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती. त्यात त्राटकाचे वर्णन अगदी थोडक्यात आहे. एखाद्या सूक्ष्म लक्ष्याकडे स्थिर नजरेने, अश्रू येईपर्यंत पाहावे, असा त्याचा आशय. नंतरच्या घेरंडसंहितेतही जवळपास हेच सांगितले आहे. लक्षात घेण्याची गोष्ट ही की, या वर्णनात मेणबत्ती नाही. लक्ष्य सूक्ष्म असावे एवढीच अट आहे. भिंतीवरचा काळा ठिपका, शाळिग्राम, एखादे फूल, झाडाचे पान यांपैकी काहीही चालते. ज्योत लोकप्रिय झाली ती सोयीमुळे. अंधारात ती एकटीच दिसते, लक्ष आपोआप तिच्याकडे जाते आणि डोळे मिटल्यावर तिची प्रतिमा काही क्षण टिकते.

याच ग्रंथांनी त्राटकाने नेत्ररोग नाहीसे होतात असेही म्हटले आहे, आणि आजचे दावे तेथूनच निघतात. पण जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहता येईल असे उपकरण, म्हणजे नेत्रदर्शक, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये तयार केले. त्याआधी जगात कुठेही, कोणत्याही वैद्याला दृष्टिपटल फाटलेले किंवा नेत्रतंतू वाळत चाललेला प्रत्यक्ष पाहता येत नव्हता. ग्रंथकारांचे ‘नेत्ररोग’ आणि आजच्या नेत्रतज्ज्ञाचे निदान या एकाच मापाने मोजायच्या गोष्टी नाहीत. जुन्या ग्रंथाचा मान राखायचा तर त्याने जे सांगितलेच नाही ते त्याच्या तोंडी घालू नये.

शंका घेणे म्हणजे परंपरेचा अवमान, असे मानण्याचेही कारण नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले, ते यौगिक क्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहण्यासाठीच. तपासून घेणे हीसुद्धा आपल्याकडची शंभर वर्षांची परंपरा आहे.

पापणी का लवते

आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. हे उगाच होत नाही. बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर, अश्रूंचा एक अतिशय पातळ थर असतो. त्यात चिकट द्रव्य, पाणी आणि सर्वांत वर तेलाचा पापुद्रा असतो. हे तेल पाणी उडू देत नाही. प्रत्येक वेळी पापणी लवते तेव्हा हा थर पुन्हा सारवला जातो. पापणी उघडीच ठेवली तर निरोगी डोळ्यातही काही सेकंदांनंतर या थरात कोरडे ठिपके पडू लागतात. पारपटल हा शरीरातल्या सर्वांत संवेदनशील भागांपैकी एक आहे. तिथल्या नसा लगेच तक्रार करतात. तीच जळजळ. आणि ती विझवण्यासाठी अश्रुग्रंथी जे पाणी सोडते तेच त्राटकातले अश्रू.

म्हणजे हे अश्रू ‘आतली घाण बाहेर पडल्याचे’ लक्षण नाही. डोळा कोरडा पडल्याची ती तक्रार आहे. कांदा चिरताना येणारे पाणी आणि हे पाणी एकाच जातीचे. थोडेसे आले म्हणून काही बिघडत नाही. पण पाणी येईपर्यंत थांबायचेच, काल दोन मिनिटे टिकलो तर आज चार मिनिटे टिकायचे, अशी चढाओढ स्वतःशी लावली की पारपटलाचा पृष्ठभाग रोज कोरडा पडतो आणि रोज चोळवटतो. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांची स्थिती आधीच नाजूक असते, कारण पडद्याकडे पाहताना पापणी लवण्याचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. आठ तास वातानुकूलित कार्यालयात पडदा पाहून रात्री दहा वाजता त्राटकाला बसणारा माणूस डोळ्यांना विश्रांती देत नाही, त्यांची पाळी वाढवतो. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारे, चष्मा घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया नुकतीच झालेले, यांच्यात डोळ्यांचा कोरडेपणा मुळातच जास्त आढळतो. त्यांनी तर हट्टाच्या वाटेला जाऊच नये.

यावरचा उपाय सोपा आहे. सुरुवातीला पापणी लवू द्यावी. सहज लवलेल्या पापणीने एकाग्रता मोडत नाही. मोडते ती ‘लवू नये, लवू नये’ या धडपडीने.

दिसते ते काय

ज्योतीकडे थोडा वेळ एकटक पाहिले की आजूबाजूची खोली विरघळल्यासारखी होते. कडा पुसट होतात, ज्योत लहानमोठी होते, कधी तिच्याभोवतीचा काळोख हलल्यासारखा वाटतो. अनेकांना ही साधनेतली पहिली पायरी वाटते. स्विस वैद्य इग्नाझ ट्रॉक्स्लर यांनी १८०४ मध्येच हा परिणाम नोंदवून ठेवला आहे. नजर एका बिंदूवर खिळली की कडेच्या न बदलणाऱ्या गोष्टींची खबर मेंदूपर्यंत पोहोचेनाशी होते. डोळ्याला बदल कळतो, स्थैर्य कळत नाही. डोळे मिटल्यावर दिसणारी हिरवट किंवा जांभळट ज्योत हीदेखील दृष्टिपटलाचा तेवढा भाग प्रकाशाने काही काळ थकल्यामुळे उमटलेली प्रतिमा असते. ती काही क्षणांत विरते. हे दोन्ही अनुभव निरोगी डोळ्याचे आहेत. त्यांना घाबरू नये आणि त्यांचे अप्रूपही करू नये.

आरशातल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर त्राटक करण्याचा जो प्रकार सांगितला जातो, तो मात्र नवशिक्याने टाळावा. इटलीतील संशोधक जिओव्हानी कपुतो यांनी २०१० मध्ये पन्नास जणांना मंद प्रकाशात दहा मिनिटे आरशात पाहायला सांगितले. बहुतेकांना स्वतःचा चेहरा विद्रूप झालेला, कुणाला अनोळखी माणसाचा, कुणाला भेसूर प्राण्याचा दिसला. ही निरोगी माणसे होती. ज्याला पूर्वी भास होण्याचा, भ्रमाचा किंवा तीव्र मानसिक आजार झाला आहे त्याने मंद प्रकाशातले दीर्घ त्राटक आपल्या मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये.

आता ज्या दोन खुणांचा अर्थ चुकता कामा नये त्या पाहू. पहिली खूण म्हणजे ज्योतीभोवती दिसणारी इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी. ती मोतीबिंदूच्या सुरुवातीला दिसू शकते आणि डोळ्यातला दाब एकाएकी वाढला तरीही दिसते. काही जणांच्या डोळ्यात, विशेषतः चाळिशी-पन्नाशीनंतर आणि लांबच्या नजरेचा अधिक नंबर असलेल्यांत, पाणी वाहून जाण्याचा कोन जन्मतःच अरुंद असतो. आशियाई लोकांत ही रचना तुलनेने अधिक आढळते. अंधारात बाहुली मोठी होते, तिच्या कडेचा पडदा दुमडून त्या कोनात दाटतो आणि आधीच अरुंद असलेली वाट बंद होऊ शकते. त्राटकासाठी खोली काळोखी केली जाते हे येथे आठवावे. डोळा आणि कपाळ दुखणे, डोळा लाल होणे, धूसर दिसणे, मळमळ किंवा उलटी आणि दिव्याभोवती रंगीत कडी, ही काचबिंदूच्या तीव्र झटक्याची लक्षणे आहेत. ते पित्त समजून लिंबूपाणी घेत बसण्याचे किंवा तेजोवलय समजून आनंदाने सांगत सुटण्याचे प्रसंग नव्हेत. काही तासांत उपचार मिळाले नाहीत तर गेलेली नजर परत येत नाही.

दुसरी खूण म्हणजे डोळे मिटलेले असताना किंवा अंधारात कडेला वीज चमकल्यासारखा प्रकाश दिसणे, एकाएकी काळे ठिपके किंवा जळमटे तरंगू लागणे, नजरेच्या एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटणे. दृष्टिपटल ओढले जात असेल, फाटले असेल किंवा सुटू लागले असेल तर असे होते. लघुदृष्टीचा मोठा नंबर असलेल्यांत हा धोका अधिक. त्राटकाच्या आसनावर हे दिसले म्हणजे आज्ञाचक्र जागे झाले असा निष्कर्ष काढणारा माणूस पुढच्या गुरुवारपर्यंत थांबतो आणि तेवढ्यात डोळा जातो. दृष्टिपटलाला दुखणे कळत नाही. त्यामुळे ‘दुखत तर नाही ना’ या कसोटीवर कुणी निर्धास्त राहू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

चष्मा आणि त्राटक

लघुदृष्टीत बहुधा डोळ्याचा गोळाच लांबट झालेला असतो. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर असतो. त्यात एका मिलिमीटरची वाढ झाली तरी साधारण अडीच ते तीन नंबर पडतो. ही लांबी ज्योतीकडे पाहून कमी होत नाही. चाळिशीचा चष्मा येतो तो डोळ्यातले भिंग कडक होत गेल्याने, आणि तो कडकपणाही नजर खिळवून जात नाही. अमेरिकेत विल्यम बेट्स या नेत्रवैद्याने १९२० मध्ये चष्म्याशिवाय निर्दोष दृष्टी देण्याचा दावा करणारे पुस्तक लिहिले. त्याचे व्यायाम शंभर वर्षे जगभर विकले जात आहेत, आणि चष्मे लावणाऱ्यांची संख्या त्याच शंभर वर्षांत वाढतच गेली आहे. सरावाने धूसर अक्षरे ओळखण्याची हातोटी थोडी वाढते, डोळ्यांवरचा ताण कमी झाला की बरेही वाटते. नंबर मात्र तसाच राहतो.

प्रौढाने या समजापायी चष्मा चार महिने उशिरा घेतला तर त्याची डोकेदुखी वाढेल, एवढेच. लहान मुलाची गोष्ट निराळी आहे. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असलेल्या किंवा तिरळेपणा असलेल्या मुलाचा मेंदू कमजोर डोळ्याकडून येणारे चित्र हळूहळू नाकारू लागतो. याला आळशी डोळा म्हणतात. वयाच्या सात-आठ वर्षांपर्यंत चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी अशा उपचारांनी तो उत्तम सुधारतो. नंतर सुधारणा कठीण होत जाते. या वयात एक वर्ष त्राटकावर घालवणे म्हणजे मुलाची एका डोळ्याची दृष्टी जन्मभरासाठी पणाला लावणे होय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात किंवा शाळेच्या तपासणीत ‘डोळे दाखवा’ असा शेरा मिळाला असेल तर तो कागद कपाटात ठेवू नये. आणि नंबर लागू नये म्हणून मुलासाठी काही करायचेच असेल तर त्याला रोज दोन तास उघड्यावर, उजेडात खेळू द्यावे. बाहेर खेळणाऱ्या मुलांत लघुदृष्टी सुरू होण्याचे प्रमाण कमी असते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे.

फायदा किती आणि कशाचा

मग त्राटकाने काहीच होत नाही का? होते, पण ते लक्षाचे होते. बंगळूरुच्या स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थानातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत याचे काही संकेत मिळतात. २०१४ मध्ये साठ ज्येष्ठ नागरिकांवर केलेल्या अभ्यासात, महिनाभर त्राटक करणाऱ्यांची आकडे लक्षात ठेवण्याच्या आणि अक्षरे शोधून खोडण्याच्या चाचण्यांतली कामगिरी सुधारली. २०२१ मधल्या एका अभ्यासात त्राटकानंतर जागा लक्षात ठेवण्याची तात्पुरती स्मरणशक्ती काहीशी बरी आढळली. हे उत्साह वाढवणारे आहे. पण सहभागी थोडे, काळ थोडा, आणि आपण त्राटक करतो आहोत हे करणाऱ्याला ठाऊकच असते. त्यामुळे यावरून ‘स्मरणशक्ती दुप्पट’, ‘निद्रानाश समूळ बरा’ असली जाहिरात करणे म्हणजे राईचा पर्वत करणे होय. रोज दहा मिनिटे फोन दूर ठेवून एका गोष्टीकडे शांतपणे पाहता येणे, एवढा लाभही आजच्या दिवसांत कमी नाही.

सुरुवात कशी करावी

आधी डोळे तपासून घ्यावेत. चाळिशी ओलांडलेल्यांनी डोळ्यातला दाब आणि कोन पाहायला डॉक्टरांना आवर्जून सांगावे. घरात कुणाला काचबिंदू असेल तर हे टाळूच नये.

वेळ सकाळची उत्तम. दिवेलागणीला देवापुढे निरंजन लावण्याची घरोघर सवय असते आणि ती वेळ मनाला शांतही वाटते. पण दिवसभर पडदा पाहिलेला असेल तर संध्याकाळी डोळे दमलेले असतात. संध्याकाळीच बसायचे झाल्यास पडदा बंद करून निदान तासभर जाऊ द्यावा. खोली काळीकुट्ट नको. एखादा मंद दिवा किंवा पडद्याआडचा उजेड राहू द्यावा. त्याने बाहुली फार मोठी होत नाही आणि ज्योतीचा झगमगाटही कमी जाणवतो. पंख्याचा झोत तोंडावर नको, पण खिडकी थोडी उघडी असावी. सुगंधी मेणबत्ती आणि कापूर टाळावा. धूर आणि वास डोळ्याला झोंबतात, दमेकऱ्याला त्रास देतात. तुपाची फुलवात किंवा साधी मेणबत्ती पुरे.

ज्योत दोन ते तीन फुटांवर, नजरेच्या समपातळीवर किंवा किंचित खाली असावी. नजर किंचित खाली असली की पापणी थोडी उतरलेली राहते आणि डोळा कमी कोरडा पडतो. चष्मा असेल तर तो लावूनच बसावे. धूसर ज्योत ताणून पाहण्यात काही तप नाही. कॉन्टॅक्ट लेन्स मात्र काढून ठेवाव्यात. पाठ सरळ, खांदे सैल. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसावे.

दोन-चार श्वास शांतपणे घेऊन ज्योतीच्या वरच्या स्थिर भागाकडे अर्धा मिनिट सहज पाहावे. पापणी लवली तर लवू द्यावी. मग डोळे अलगद मिटून मिनिटभर आतली प्रतिमा पाहावी. ती हलेल, विरेल, नाहीशी होईल. तिला धरून ठेवू नये. अशी तीन आवर्तने पुरेत. शेवटी तळवे एकमेकांवर घासून त्यांची कोमट ओंजळ डोळ्यांवर धरावी, डोळ्यांवर दाब देऊ नये, डोळे चोळू नयेत. पहिले दोन आठवडे एवढेच करावे. त्रास नसेल तर पाहण्याचा वेळ हळूहळू एका मिनिटावर, पुढे दोन मिनिटांवर न्यावा. डोळा चुरचुरला की त्या दिवशीचे त्राटक संपले असे समजावे, मग घड्याळ काहीही सांगो. दोन-तीन महिन्यांनंतरही एकूण दहा मिनिटांपलीकडे जायची गरज नाही. डोळ्यांत तेल घालून जपावे असे आपण म्हणतो ते फक्त वाक्प्रचारापुरते. प्रत्यक्षात त्राटकानंतर डोळ्यांत तूप, मध, गुलाबपाणी असे काहीही घालू नये.

आगीचे भान ठेवावे. मेणबत्ती जड, पसरट बुडाच्या ताटलीत ठेवावी. पडदे, गादी, पुस्तके, सॅनिटायझरची बाटली जवळ नको. ओढणी, पदर, मोकळे केस आवरून बसावे. घरात ऑक्सिजनचे सिलिंडर असेल त्या खोलीत ज्योत लावूच नये. झोप येत असेल तर आधी दिवा विझवावा. मुलांना एकट्याने ज्योतीपुढे बसवू नये. त्यांच्या एकाग्रतेसाठी भिंतीवरचा ठिपका किंवा फूल पुरते.

सूर्यावर त्राटक कुणीही, कोणत्याही वेळी करू नये. प्रकाशाची तीव्रता मोजण्याच्या कँडेला या एककाचे नावच मेणबत्तीवरून आले आहे. एका मेणबत्तीचा प्रकाश मीटरभर अंतरावर सुमारे एक लक्स पडतो, तर दुपारच्या उन्हात तो लाखाच्या घरात असतो. सूर्यबिंबाची झळाळी ज्योतीच्या लाख पटीहून अधिक आहे. डोळ्याचे भिंग ती दृष्टिपटलाच्या नेमक्या मध्यबिंदूवर गोळा करते, आणि तिथे पडलेला डाग वाचता येणे, चेहरे ओळखणे हेच हिरावून घेऊ शकतो. मोबाइलचा टॉर्च आणि प्रखर एलईडी दिवेही यासाठी नकोत.

काचबिंदू किंवा अरुंद कोन असलेल्यांनी, डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी, डोळे आलेले असताना, दृष्टिपटलाचा विकार असलेल्यांनी, डोळ्यांच्या तीव्र कोरडेपणावर औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्राटक करू नये. लुकलुकत्या प्रकाशाने फिट येणाऱ्यांनी आणि ज्यांची अर्धशिशी दिव्याने चाळवते त्यांनी ज्योतीचा नाद सोडावा. मिटल्या डोळ्यांनी श्वासाकडे लक्ष देण्यानेही मन तितकेच स्थिरावते. आणि डोळ्यांत रोज घालायची औषधे त्राटकाच्या भरवशावर कुणीही बंद करू नयेत. काचबिंदूचा नेहमीचा प्रकार मुकाट्याने नजर खातो. औषध सोडल्याचे महिनोन्‌महिने जाणवत नाही आणि जाणवते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

शिकवणाऱ्यांची जबाबदारी

येथपर्यंतची पथ्ये साधकाने पाळायची. पण सगळा भार त्याच्यावर टाकून चालणार नाही. योगवर्गात नाव नोंदवताना गुडघे आणि रक्तदाब विचारला जातो, डोळे क्वचित विचारले जातात. काचबिंदू आहे का, डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे का, फिट येतात का, मानसिक आजारावर औषधे चालू आहेत का, हे चार प्रश्न त्राटकाआधी प्रत्येक शिक्षकाने विचारले पाहिजेत. ‘पाणी येईपर्यंत पाहा’ ही आज्ञा सामूहिक वर्गातून हद्दपार व्हावी. शेजारचा टिकतो म्हणून आपणही टिकायचे, ही ईर्ष्या तीस जणांच्या वर्गात हमखास जागी होते. शाळांनी मेणबत्त्या लावून सामूहिक त्राटकाचे उपक्रम घेऊ नयेत. आणि जो कुणी त्राटकाने चष्मा उतरवण्याची हमी देऊन शुल्क घेतो, त्याच्याकडे पालकांनी सुरुवातीचा आणि शेवटचा नंबर नेत्रतज्ज्ञाकडून लिहून आणण्याची अट घालावी.

गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला वारा नसलेल्या जागेतल्या दिव्याची उपमा दिली आहे. तेथे दिवा हा स्थिर मनाचा दाखला आहे. पाहणाऱ्याची सहनशक्ती मोजण्यासाठी तो ठेवलेला नाही. आज ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी जरूर करावी. अर्धे मिनिट, तीन वेळा, पापणीला मोकळीक देऊन. पण त्याआधी एकदा नेत्रतज्ज्ञाची वेळ घ्यावी, आणि घरात कुणाला डोळ्यांपुढे रंगीत कडी किंवा विजेसारखी चमक दिसू लागली, तर आसनावर न बसता त्यांना घेऊन तडक दवाखाना गाठावा.